कारखानीसबाई आणि मानाचा नारळ

कारखानीसबाईंचं नाव आधी घेतो, काय झालं ते नंतर. कारण काय झालं ते सांगायला लागलो की माझी धांदल उडते. मी उगाच सगळ्यांच्या बाजू मांडत बसतो आणि जिचं नाव पहिल्यांदा यायला हवं ते शेवटी राहून जातं. तर, आज माझी बायको आणि मुलगी माझ्याजवळ, आइंडहोवनला, एका छपराखाली आहेत, ते कारखानीसबाईंमुळे. बस. आता सावकाश सांगतो.

लायडनमधल्या एका भारतीय रेस्टॉरंटात मी स्वयंपाकी होतो. दुपारचं जेवण उरकलं की तीन ते पाच तिथे कोणी फिरकत नसे. मालक वरच्या खोलीत आडवा होई आणि मी माझ्यापुरतं पिठलं किंवा आमटी-भात टाकून कोपऱ्यात जेवायला बसे. एका मंगळवारी याच वेळेला एक सत्तरीच्या बाई आत आल्या. अंगावर सुती साडी, त्यावर जांभळं, ढगळ, खेळाडू घालतात तसलं जॅकेट, आणि जॅकेटच्या छातीवर काटे फुलवलेलं एक चिडकं साळिंदर. त्यांनी मेन्यूकार्ड उघडलंसुद्धा नाही. माझ्या ताटाकडे बोट दाखवलं आणि सरळ मराठीत म्हणाल्या, "हे आहे का अजून?"

मी म्हटलं, "मॅडम, हे आमचं घरचं आहे."

"मॅडम विमानात असतात. मी दादरची आहे. आणि घरचंच हवंय."

मग मी त्यांना 'बाई' म्हणायला लागलो. दहावीच्या वर्षी माझी शाळा सुटली, त्यानंतर कोणाला बाई म्हणायची वेळच आली नव्हती. जिभेला बरं वाटलं.

त्या मंगळवारपासून बाई दर मंगळवारी येत गेल्या. त्यांची हकिगत मला तुकड्यातुकड्यांत कळली, आणि मीही कधी सलग विचारली नाही. नवऱ्याच्या नोकरीपायी त्या अमेरिकेतल्या एका लहान गावात गेल्या. तिथल्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागात संघांच्या प्रवासाची सोय लावायची आणि मागाहून बिलं जुळवायची, हे काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. नवरा गेला. मुलगी इथे लायडनच्या सायन्स पार्कमध्ये औषधांच्या संशोधनात. तिने आईला बोलावून घेतलं. बाई मुलीच्या घरापासून दहा मिनिटांवर वेगळ्या फ्लॅटमध्ये राहत. मी एकदा विचारलं, एकत्र का नाही? "जवळ आहे ना? मग झालं," म्हणाल्या. नातीला मराठी समजायचं, पण ती उत्तर डचमध्ये द्यायची. "मी मराठीत रागावते, ती डचमध्ये उलट बोलते," बाई सांगत. "दोघींचं समाधान होतं." एवढं बोलून त्या हसायच्या आणि मग बराच वेळ भात कालवत राहायच्या.

मी घाबरट माणूस आहे. परदेशात आल्यावर ही भीती कागदांवर जाऊन बसली. टॅक्सवाल्यांचा निळा लिफाफा दारात पडला की मी त्याला ओलांडून जाई. असाच एक लिफाफा मी चार दिवस न उघडता तांदळाच्या डब्यामागे ठेवला होता. बाईंना कसं कळलं देव जाणे. बहुतेक मी आमटीत दोनदा मीठ टाकलं म्हणून. त्यांनी तो मागून घेतला, उघडला आणि पहिलं पान सोडून शेवटच्या पानापासून वाचायला लागल्या. कुठलाही कागद त्या असाच वाचत. "पहिल्या पानावर नमस्कार-चमत्कार असतात रे. काय करायचंय ते शेवटी लिहितात." वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बजरंगराव, सरकार तुला दोनशे युरो परत देतंय. चार दिवस लपवून ठेवलेस तू स्वतःचे पैसे." आणि इतक्या हसल्या की वरून मालकाने "क्या हुआ?" म्हणून हाक मारली.

बाईंचा दुसरा नाद म्हणजे अमेरिकन फुटबॉल. आपला पायाने खेळायचा नव्हे. तो लांबुडका चेंडू काखेत घेऊन एकमेकांच्या अंगावर जायचं, तो. आदल्या आठवड्याचा कॉलेजांचा सामना त्या टॅबलेटवर लावून ठेवत आणि मी भांडी आवरताना अधूनमधून डोकावत असे. मला वाटलं, म्हातारीला खेळाचं वेड आहे. पण त्यांना गुण किती झाले हेही माहीत नसे. त्या बघत ते मागचे प्रेक्षक. "तो कोपरा बघ, तिकडचा. अख्खा रिकामा. ती पाहुण्या कॉलेजच्या वाट्याची तिकिटं. आता त्यांच्या ऑफिसात कोणीतरी माझ्यासारखी बसली असेल डोकं धरून." ते 'कोणीतरी माझ्यासारखी' त्या अशा म्हणायच्या, की दूरवर कुठेतरी त्यांची कोणी बहीणच बसलेली आहे.

आता माझी गोष्ट येते, आणि इथेच माझी धांदल उडते.

मी तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळायचो. शाळा सुटली ती त्यापायीच. स्पर्धा संपल्या, शाळाही संपली, मग हॉटेलाच्या भट्टीपुढे उभा राहिलो. लायडनला शिकणाऱ्या आपल्या मुलांना जेवता जेवता हे कळलं. मग रविवारी सकाळी विद्यापीठाच्या व्यायामशाळेत ज्यूदोच्या गाद्या अंथरून मी त्यांना चढाई आणि पकड शिकवायला लागलो. दहा मुलं, त्यांत दोन डच. त्यांतला एक इतका उंच की पकडीत सापडला तरी त्याचा हात मध्यरेषेला लागायचा. आठवड्यात तेवढे दोन तास मी कोणालाही न घाबरता बोलायचो. मुलं चांगली तयार झाली. आसपासच्या दोन-तीन विद्यापीठांच्या संघांना त्यांनी हरवलं, आणि ग्रोनिंगनला नाताळच्या सुट्टीत होणाऱ्या निमंत्रितांच्या स्पर्धेसाठी आम्हांला बोलावणं आलं.

बोलावणं घेऊन स्पर्धा भरवणारे साळवी आले. मूळचे चिंचवडचे, अ‍ॅमस्टरडॅमला झुइडासमध्ये एका बँकेत आयटीत मोठ्या हुद्द्यावर. उत्साही माणूस, पहिल्याच भेटीत पाठीवर थाप मारणारा. रविवारी व्यायामशाळेत येऊन त्यांनी मुलांसमोर माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि जाहीर केलं, "लायडन हा यंदाचा आपला मानाचा संघ!" मुलांनी टाळ्या वाजवल्या, फोन वर केले. माझ्या डोळ्यांसमोर गावचं मैदान आलं. तिथे मानाचा नारळ मिळालेला माणूस आठवडाभर जमिनीवर चालत नाही. मग साळवींनी सहा पानांचा इंग्रजी कागद पुढे केला. "मुलांचा क्लब रजिस्टर्ड नाही ना, म्हणून कोणातरी एका मोठ्या माणसाची सही लागते. फॉर्मॅलिटी आहे हो, बजरंगराव."

आता तुम्हीच सांगा. खांद्यावर शाल, एका हातात नारळ, आणि दुसऱ्या हाताने कागद उलटून 'यात माझा खर्च किती?' असं विचारायचं? आपल्यात मानाला खर्च विचारत नाहीत. मी सही केली.

मंगळवारी मोठ्या ऐटीत बाईंना नारळ दाखवला. बाई म्हणाल्या, "छान. आणि कागद?"

मी कागद आणला. त्यांनी शेवटचं पान काढलं. वाचता वाचता त्यांनी जेवणाचं ताट हाताने बाजूला सारलं.

"बजरंग," त्या म्हणाल्या. 'राव' गळलेला होता. "एकशे ऐंशी तिकिटं तू विकत घेतली आहेस."

"विकायला घेतलीत, बाई."

"विकत. उरली तर तुझी. आणि हॉटेलच्या दहा खोल्या, तीन रात्री. मुलं त्याच दिवशी ट्रेनने परत आली तरी पैसे द्यायचे. स्पर्धेला येणाऱ्या ढोलपथकाच्या बसचा खर्चही तुझ्याकडे. हे सगळं क्लबच्या नावावर नाही, तुझ्या नावावर आहे."

त्यांनी आकडा काढला. आठ हजारांच्या आसपास. माझ्याकडे आठ हजार चारशे युरो होते. चार वर्षांत एकेक करून साठवलेले. घर भाड्याने घ्यायचं तर अनामत आणि पहिलं भाडं आधी भरावं लागतं, आणि घर असल्याशिवाय बायको-मुलीला आणून ठेवणार कुठे? मी निघालो तेव्हा आमची तनू तीन वर्षांची होती. आता सात वर्षांची झाली होती आणि फोनवर मला 'अहो बाबा' म्हणायला लागली होती, परक्याला म्हणतात तसं. हे पैसे म्हणजे तिचं येणं होतं. ते मी शालीच्या बदल्यात लिहून दिले होते.

मला वाटलं बाई रागावतील. त्या म्हणाल्या, "पाणी पी. तू काही पहिला नाहीस. ह्याच कागदावर मोठमोठी विद्यापीठं सह्या करतात."

मग त्यांनी मला 'बोल गेम' सांगितला. हंगाम संपला की तिकडे, कुठल्यातरी उबदार शहरात, निवडक कॉलेजांना एकेका जंगी सामन्याचं निमंत्रण येतं. त्याला म्हणायचं बोल गेम. निमंत्रण आलं की अख्खं गाव नाचतं. "पण त्या निमंत्रणाला शेपूट असतं," बाई म्हणाल्या. "इतकी तिकिटं तुम्ही पूर्ण किमतीत उचला. इतके दिवस ह्याच हॉटेलात राहा. संघ न्या, दोनशे पोरांचा बँड न्या, नाचणाऱ्या मुली न्या, साहेबांच्या बायका न्या. बक्षिसाची रक्कम मोठी दिसते, पण ती आपल्या गटातल्या सगळ्या कॉलेजांत वाटून जाते. आणि गावातले लोक हुशार. ते तीच तिकिटं बाहेरून निम्म्या किमतीत घेतात. आपली गठ्ठ्याने पडून राहतात. आमच्या कोचला तर नुसतं तिथे पोचल्याचाच बोनस होता. जिंकायची गरजच नाही."

"मग तोटा कोण भरायचं?"

बाई जॅकेटच्या बाहीचा धागा ओढत म्हणाल्या, "आम्हांला एकदाच आलं निमंत्रण. किती वर्षांनी! हे जॅकेट तेव्हाचंच, साळिंदर म्हणजे आमच्या संघाचं चिन्ह. परत आल्यावर सगळी बिलं मी जुळवली. केवढं मोठं भगदाड ते! मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, 'हा खर्च नाही, ही जाहिरात आहे.' पुढच्या वर्षी मुलींचा पोहण्याचा संघ बंद केला. पैसे नाहीत म्हणून. अकरा मुली. त्यांच्या शेवटच्या सामन्याची बस मीच ठरवली होती. त्यांतली एक बिस्किटांचा डबा घेऊन आली माझ्या टेबलापाशी. म्हणाली, तीन वर्षं तुम्ही आमच्या बसेस ठरवल्यात, थँक यू." बाईंनी चष्मा पुसला. "माझी बेरीज बरोबर होती रे. एक आकडा चुकला नव्हता. मी ती योग्य माणसाला दाखवली आणि गप्प बसले. मोठमोठ्याने ओरडायला हवं होतं, ते जमलं नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली. "हा साळवी कुठे बसतो?"

"बाई, नको. त्यांनी प्रेमाने मान दिलाय."

"प्रेमानेच विचारू. नारळ घे बरोबर."

दोन दिवसांनी सुट्टी काढून मी बाईंबरोबर अ‍ॅमस्टरडॅमला गेलो. सगळ्या वाटेत मी बाईंना काय काय बोलू नका ते सांगत होतो आणि बाई खिडकीतून हरितगृहं बघत होत्या. झुइडासच्या त्या काचेच्या इमारतीत खाली कॉफीची जागा आहे. तिथे गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या माणसांच्या गर्दीत साळिंदराचं जॅकेट घातलेल्या बाई टेबलावर नारळ ठेवून बसल्या. शेजारचा एक डच माणूस कॉफी पिता पिता नारळाची शेंडी निरखत होता.

साळवी लगबगीने आले. "अरे वा, बजरंगराव! आणि ह्या...?"

"मी कारखानीस. हा तुमचा नारळ."

साळवींचं हसू तिथेच थांबलं. "काकू, हे काय? मानाचा नारळ परत देतात का कोणी?"

"नाही ना देत? मग कागद परत घ्या."

"अहो, ते अ‍ॅग्रीमेंट आहे. साइन झालंय."

"नारळही दिलेला आहे. दोन्ही एकाच दिवशी दिलेत. एक मान आणि एक खर्च. बजरंगला दोन्ही उचलत नाहीत. कुठलं ठेवू, तुम्ही सांगा."

"काकू, मोठ्या स्पर्धा अशाच चालतात. जगभर."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "सव्वीस वर्षं मी त्या चालताना पाहिल्या आहेत. आता तुम्ही सांगा, तुम्ही कुठे सही केली आहेत?"

साळवींनी माझ्याकडे पाहिलं, मग नारळाकडे. तो पाठीवर थाप मारणारा माणूस खुर्चीत असा खचला, की मला माझाच चेहरा समोर दिसला. हॉल आणि हॉटेल दोन्ही त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं होतं. चाळीस खोल्या. घरी बायकोला माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी चार संघांना चार नारळ दिले होते, आणि प्रत्येक नारळाबरोबर दहा खोल्या.

"काकू, माझ्या मनात वाईट काही नव्हतं हो."

"कोणाच्याच नसतं. आमच्या साहेबांच्याही नव्हतं." बाईंनी नारळ टेबलाच्या कडेला सरकवला. "बजरंग, तिघांना चहा आण. आणि साळवी, तुमचा कागद काढा. शेवटचं पान आधी."

त्या कागदावर हॉल आणि हॉटेलच्या खोल्या रद्द करायची मुदत आणखी तीन दिवस होती. साळवींनी ती वाचलीच नव्हती. बाईंनी फोन त्यांच्यापुढे सरकवला आणि समोर बसून फोन करायला लावला. मोठा हॉल सोडून एका शाळेचा जिम घ्यायचा ठरला. तिकिटं संघांनी फक्त विकायची, उरली ती परत. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, ढोलवाले आपापल्या गाड्यांनी. माझी सहा पानं साळवींनी माझ्यासमोर फाडली. तुकडे मी गोळा करून खिशात घातले. एकदा ते म्हणाले, "मानाची स्पर्धा म्हणून जाहीर केलंय काकू, शाळेच्या जिममध्ये लोक हसतील." बाई म्हणाल्या, "हसू देत. हसायला येतील ते तिकीट काढूनच येतील ना?"

निघताना नारळ कोणी घ्यायचा, यावर दोघं अडून बसली. शेवटी साळवींनीच घेतला, मैदानात वाढवायला.

स्पर्धेला बाई आल्या नाहीत. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो. आमच्या उंच डच पोराने चढाईत श्वास सोडला आणि हसत सुटला, तिथेच गेलं सगळं. संध्याकाळच्या ट्रेनमधून मी बाईंना फोन केला.

"किती आले होते?" बाईंनी विचारलं.

"बाई, आपण हरलो."

"ते कळलं आवाजावरून. बसायला जागा होती का?"

"नव्हती. शाळेची पोरं जमिनीवर बसली होती."

"बरं झालं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

लायडनला मला परवडेल असं घर मिळालं नाही. आइंडहोवनला मिळालं, आणि तिथेच एका कारखान्याच्या उपाहारगृहात आपल्याकडच्या इंजिनियर लोकांसाठी स्वयंपाक करायची नोकरीही. मालक बदलला म्हणून कामाचा परवाना नव्याने काढावा लागला. त्याचेही कागद बाईंनीच वाचले. घराचा करार वाचून म्हणाल्या, "ठीक आहे, कर सही." त्या दिवशी त्यांनी पिठलं अर्धवट टाकलं. मी विचारलं, तर म्हणाल्या, "तिखट झालंय." तिखट झालेलं नव्हतं.

सुमन आणि तनू आल्या. दोन दिवस रेस्टॉरंटच्या जुन्या मालकाच्या वरच्या खोलीत राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी आम्ही चार बॅगा घेऊन लायडनच्या स्टेशनवर उभे राहिलो. बाई सोडायला आल्या होत्या. सुमनने वाकून नमस्कार केला. तनू त्यांच्या जॅकेटकडे टक लावून बघत होती.

"आजी, हे डुक्कर आहे का?"

"साळिंदर आहे गं."

"मग ते रागावलंय का?"

"त्याचा चेहराच तसा आहे. मनातून बरं आहे ते."

"आमच्या शेतात आलेलं एक. त्याचे काटे आहेत माझ्याकडे. दोन. एक तुला देऊ?"

बाई खाली वाकल्या, दुखऱ्या गुडघ्याने, आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उत्तर देते रे मराठीत." एवढंच.

गाडीला चार मिनिटं होती. बाई म्हणाल्या, "तुझ्या पोरीला पाहिलं आणि दादर आठवलं. एकदा जाऊन यायचं होतं. पण एवढा प्रवास आता एकटीने होत नाही. हिला रजा नसते." ही म्हणजे मुलगी. "असो. बॅगा मोज."

मी बॅगा मोजल्या. गाडी आली. दार बंद झाल्यावर मी काचेतून पाहिलं. बाई परत निघाल्या नव्हत्या. फलाटावरच्या बाकावर बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून, जशी त्यांचीही कुठली गाडी यायची आहे. आमचा डबा पुढे सरकला, फलाटावर पुढच्या गाडीची माणसं जमली, आणि त्यांच्यात ते जांभळं जॅकेट दिसेनासं झालं.

त्या चार मिनिटांत मला बोलायचं होतं ते बोलता आलं नाही. घाबरट माणसाचं असंच होतं. बायको समोर, पोर समोर, खिशात मोजून पैसे; शब्द द्यायचा तर पाळता आला पाहिजे, या भीतीने मी गप्प बसलो. फोनवरही अजून बोललो नाही. म्हणून इथे लिहितो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. बाई, मी तुम्हांला दादरला नेईन. तुमच्या शेजारच्या सीटवर मी बसेन, तुमची बॅग मी उचलेन, आणि तुम्ही म्हणाल तितके दिवस तिथे राहू. यंदा जमणार नाही, पुढच्या वर्षीचंही सांगता येत नाही. पण नेईन. तोवर गुडघ्याला जपा.